ऊन पाण्याचा हिशेब : स्वावलंबी कुटुंबाने कोणता बंब निवडावा?

ग्रामीण महाराष्ट्रातील स्वयंपाकघराचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाल्यानंतर, ज्या घरांत चुलीखेरीज दुसरे साधन नव्हते अशा अनेक घरांतही गॅसची शेगडी आली. परंतु याच घरांच्या परसात पहाटेच्या वेळी डोकावले तर न्हाणीजवळच्या चुलाणात लाकडे पेटलेली दिसतात. स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचे पाणी लाकडावर, अशी वाटणी पुष्कळ घरांत आपोआप झालेली आहे. ही वाटणी अडाणीपणाची आहे असे म्हणता येणार नाही. विकतचे इंधन केवळ पाणी ऊन करण्यासाठी जाळू नये, हा गृहिणीचा हिशेब बरोबरच आहे. मात्र त्या हिशेबात लाकूडफाटा वेचण्याचे तिचे श्रम, पहाटेचा धूर आणि त्या धुराने चुरचुरणारे डोळे यांची किंमत धरलेली नसते. स्वयंपाकघरातून हद्दपार झालेला धूर परसात मुक्कामाला राहिला आहे.

पाणी तापविण्याच्या साधनांची आज बाजारात वाण नाही. तांब्या-पितळेचे बंब आहेत, विजेचे गीझर आहेत, गॅसचे गीझर आहेत, सौर बंब तर तालुक्याच्या गावीही मिळतात. प्रश्न निवडीचा आहे. आणि जे कुटुंब शेतावर वस्ती करून राहते, ज्याची स्वतःची विहीर आहे, गोठ्यात चार जनावरे आहेत, छपरावर कदाचित सौर विजेचे पॅनेल आहे आणि ज्याला शक्यतो आपल्या गरजा आपल्या आवारातच भागवावयाच्या आहेत, त्याच्यासाठी ही निवड शहरातील सदनिकेपेक्षा निराळी ठरते. शहरात गीझर घेताना त्याची क्षमता आणि किंमत पाहिली म्हणजे पुरते. स्वावलंबी कुटुंबाने त्याही अगोदर उष्णतेचा हिशेब मांडला पाहिजे.

किती उष्णता लागते?

हा हिशेब अवघड नाही. सातवीच्या वर्गातही तो फळ्यावर मांडून दाखविता येईल. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. सहा जणांचे कुटुंब धरू. प्रत्येकास आंघोळीला वीस लिटरची एक बादली, म्हणजे एकूण १२० लिटर पाणी झाले. हिवाळ्यातील पहाटे टाकीतील पाणी सुमारे २० अंशांवर असते आणि आंघोळीस सुखावह पाणी ४२ अंशांच्या आसपास असते. तापमान २२ अंशांनी वाढवावयाचे, म्हणून १२० गुणिले २२, म्हणजे २,६४० किलोकॅलरी उष्णता प्रत्यक्ष पाण्यात उतरली पाहिजे. विजेच्या भाषेत हे सुमारे तीन युनिट होतात.

या आकड्यांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे ती ४२ अंशांची. भात शिजविण्यास पाणी उकळावे लागते, भाकरीला तवा त्याहून कितीतरी अधिक तापवावा लागतो. आंघोळीच्या पाण्यास मात्र सोसवेल इतकीच ऊब हवी असते. आपण कढत पाणी घंगाळात ओततो आणि त्यात विसण घालतो, म्हणजे अगोदर गरजेहून अधिक तापवितो आणि मग थंड करून घेतो. इतक्या मंद उष्णतेसाठी लाकडाची ज्वाला, गॅस किंवा वीज यांसारखी प्रखर साधने वापरणे म्हणजे मौल्यवान वस्तू हलक्या कामी लावणे होय. चाळीस-पन्नास अंशांची उष्णता ऊन सहज देऊ शकते. निवडीचा सारा विचार या मुद्द्याभोवती फिरतो.

याच ठिकाणी एक बिनखर्चाचा उपायही सांगितला पाहिजे. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर त्या ठिकाणच्या सरासरी हवामानाच्या जवळपास राहते. म्हणूनच थंडीच्या पहाटे विहिरीतून नुकतेच उपसलेले पाणी कोमट लागते. हेच पाणी रात्रभर उघड्या छपरावरील टाकीत राहिले की गारठते. ताजे उपसलेले २५ अंशांचे पाणी तापावयास घेतले तर २२ ऐवजी १७ अंशांचेच काम उरते. इंधनाचा जवळजवळ पाव हिस्सा येथेच वाचतो, आणि यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.

लाकूड, बंब आणि वैल

तीन दगडांच्या उघड्या चुलीवर हंडा ठेवून पाणी तापविले तर लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहा ते पंधरा टक्के भाग पाण्याला मिळतो; उरलेली उष्णता धुराबरोबर आणि वाऱ्यावर निघून जाते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते. यावरून आपल्या सहा जणांच्या कुटुंबास दररोज पाच ते साडेसात किलो लाकूड लागेल. दररोज सहा किलो धरले तरी हिवाळ्याच्या चार महिन्यांत सात क्विंटलांहून अधिक लाकूड केवळ आंघोळीपायी जळते. गावातील घरांच्या संख्येने हा आकडा गुणून पाहिला तर गावालगतच्या टेकड्या उघड्या का पडतात याचे एक कारण ध्यानात येईल.

जुन्या पिढीने या अपव्ययावर दोन उत्तम तोडगे काढले होते. पहिला वैलाचा. चुलीच्या मुख्य तोंडाशेजारी जे दुसरे तोंड असे, त्यावर स्वयंपाक चालू असताना पाण्याचे भांडे ठेवले जाई आणि भाकरी भाजून होईतो पाणी आयतेच ऊन होई. चूल गेली तसा वैलही गेला आणि पाण्यासाठी स्वतंत्र जाळ करावा लागू लागला. गॅसच्या आगमनाचा हा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात आलेला नाही.

दुसरा तोडगा तांब्याच्या बंबाचा. बंबाच्या मधोमध उभी नळी असते, तिच्यात विस्तव आणि भोवताली पाणी. जाळ चहूकडून पाण्याने वेढलेला असल्याने उघड्या चुलीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता कामी येते. इंधनाचा चौथा हिस्सा जरी पाण्यात उतरला असे धरले, तरी आपल्या उदाहरणात तीन किलो लाकूड पुरते. शिवाय बंबाला मोठी फोडलेली लाकडेच हवीत असे नाही. विदर्भात पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुराट्या, कोकणात नारळाच्या करवंट्या आणि सोडणे असे शेताच्या बांधावरचे कोणतेही वाळलेले जळण त्यात चालते. बंब ठेवावा तो मात्र मोकळ्या हवेत किंवा धुराडे असलेल्या पडवीत. त्याचे झाकण कधीही घट्ट बसवू नये. वाफेला वाट राहिलीच पाहिजे. आणखी एक सूचना करावीशी वाटते. घरोघरी बंब बाहेरून चिंचेने घासून लखलखीत ठेवला जातो, पण आतल्या नळीवर साचलेला क्षारांचा पांढरा थर वर्षानुवर्षे तसाच राहतो. हा थर उष्णता अडवितो. बाहेरच्या चकाकीने इंधन वाचत नाही.

गोबरगॅस कोणत्या कामी?

गोठ्यात जनावरे असली की गोबरगॅसवर पाणी तापवावे असा विचार साहजिकच मनात येतो. राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प १९८१-८२ मध्ये सुरू झाला आणि १९८४ साली पुढे आलेल्या ‘दीनबंधू’ या कमी खर्चाच्या नमुन्यामुळे संयंत्र बांधणे सोपे झाले. महाराष्ट्रात गोबरगॅस आज कोणालाही नवा नाही. परंतु येथे हिशेब काळजीपूर्वक करावयास हवा.

दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार ते पाच जनावरे लागतात. सहा जणांच्या स्वयंपाकासाठी दररोज दीड ते पावणेदोन घनमीटर गॅस खर्ची पडतो. आंघोळीच्या १२० लिटर पाण्यास आणखी सुमारे एक घनमीटर गॅस लागेल. म्हणजे पहाटे पाणी तापविले तर सायंकाळच्या स्वयंपाकाला गॅस पुरणार नाही. त्यात थंडी पडली की शेण कुजण्याची क्रिया मंदावते आणि गॅस कमी निघतो. ज्या दिवसांत ऊन पाण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवसांत संयंत्राचे उत्पादन सर्वांत कमी. संयंत्र ‘पुरत नाही’ अशी तक्रार आली तर पाहणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने बांधकामात दोष शोधण्यापूर्वी पहाटे त्यावर काय तापविले जाते हे घरच्या बाईला अवश्य विचारावे.

गोबरगॅस स्वयंपाकासाठी राखून ठेवावा, हेच श्रेयस्कर. सात-आठ जनावरे असतील आणि गॅस खरोखरच उरत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही बाजारातील सिलिंडरवर चालणारा गीझर गोबरगॅसला तसाच जोडू नये. दोन्ही वायूंचा दाब आणि ज्वलनास लागणारी हवा भिन्न असल्याने गोबरगॅससाठी बनविलेलाच बर्नर हवा. उलट दिशेने मात्र एक फायदा घेता येतो. सौर बंबातील थोडे कोमट पाणी हिवाळ्यात शेणकाला कालविण्यास वापरले तर संयंत्रातील गॅस सुधारतो.

वीज आणि सिलिंडर

विजेवर पाणी तापविण्यास आपल्या कुटुंबास तीन युनिटांहून थोडी अधिक वीज दररोज लागेल. गीझर घ्यावयाचाच तर भारतीय मानक चिन्ह असलेला, ऊर्जा-बचतीचे अधिक तारे मिळालेला आणि तापमान नियंत्रक व सुरक्षा झडप सुस्थितीत असलेला घ्यावा. बादलीत सोडावयाचा रॉड स्वस्त पडतो, पण लोखंडी वा पितळी बादली, ओली जमीन आणि अर्थिंग नसलेली वायरिंग या तिघांची गाठ पडली की तो जिवावर बेततो. रॉड वापरावाच लागला तर प्लॅस्टिकची बादली घ्यावी आणि प्लग काढल्याखेरीज पाण्यात बोटही घालू नये. हवेतील उष्णता ओढून पाण्यास देणारा हीट पंप एक-सव्वा युनिट विजेत हेच काम करतो. वसतिगृहासारख्या मोठ्या संस्थेस तो विचारात घेण्याजोगा आहे. एकाकी वस्तीवर मात्र कॉम्प्रेसर दुरुस्त करणारा माणूस कोठून आणावा हा प्रश्न उरतो.

ज्यांच्या छपरावर सौर विजेचे पॅनेल आहे त्यांचा एक समज येथे दूर केला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून असे पॅनेल खेड्यांतही दिसू लागले आहेत. घरी पॅनेल आहे म्हणजे भारनियमनाच्या वेळीही घरात वीज राहील अशी अनेकांची कल्पना असते. वस्तुतः वीज कंपनीच्या वाहिनीशी जोडलेली, बॅटरी नसलेली साधी यंत्रणा वाहिनी बंद पडताच आपोआप बंद होते. वाहिनीवर दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यास धक्का बसू नये म्हणून ती तशीच केलेली असते. ज्यांच्याकडे बॅटरीसह इन्व्हर्टर आहे त्यांचीही अडचण सुटत नाही. दिवे-पंख्यांसाठी घेतलेला आठशे-हजार व्होल्टअँपिअरचा इन्व्हर्टर दोन हजार वॅटच्या गीझरचा भार पेलू शकत नाही. शिवाय पॅनेल अंगावर पडणाऱ्या उन्हाचा सुमारे पाचवा हिस्सा विजेत रूपांतरित करते, तर पाणी तापविणारा सौर संग्राहक जवळपास निम्मे ऊन थेट पाण्यात उतरवितो. तेव्हा केवळ पाण्यासाठी म्हणून पॅनेल बसविणे फायद्याचे नाही. पॅनेल अगोदरच आहे आणि दुपारी वीज उरते, अशा घरी मात्र गीझर पहाटेऐवजी दुपारी चालवून पाणी साठवावे. चांगल्या आवरणाच्या टाकीत ते सकाळपर्यंत पुरेसे ऊन राहते.

सिलिंडरवरील गीझर काटकसरीचा आहे यात शंका नाही. आपल्या उदाहरणात रोज तीनशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागेल, १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिना पुरेल. परंतु या साधनाबाबत एक इशारा ठळकपणे दिलाच पाहिजे. बंद न्हाणीघरात गॅस जळताना हवेतील प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसास गुंगी येते आणि दार उघडण्याइतकेही भान राहत नाही. असे मृत्यू आपल्या राज्यातही घडले आहेत. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि ऊन पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी. खिडकी आहे म्हणून आत बसविला तरी चालेल, ही सबब मान्य करू नये. थंडीत खिडकी बंदच असते.

सौर बंब : कसा पारखावा?

राहता राहिला सूर्य. राज्याच्या बहुतेक भागांत वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरवर दिवसाकाठी पाच युनिटांच्या आसपास सौर ऊर्जा पडते. पाऊस सरल्यानंतरचे आपले आकाश निरभ्र असते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत हे साधन हमखास चालते. गोबरगॅसची गोष्ट याच्या नेमकी उलट होती, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. दोन चौरस मीटरचा संग्राहक आणि शंभर लिटरची टाकी ही सामान्य जोडी होय. टाकीत ६० अंशांचे शंभर लिटर पाणी असले तर २० अंशांचे विसण घालून ४२ अंशांचे सुमारे १८० लिटर पाणी तयार होते. सहा जणांच्या आंघोळी होऊन भांड्यांनाही काही उरते.

साध्या सौर बंबाला पंप लागत नाही, वीज लागत नाही. संग्राहकात तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते आणि टाकीच्या तळचे थंड पाणी खाली उतरते. ऊन आहे तोवर हे चक्र फिरत राहते. यासाठी उंचीचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. सर्वांत खाली संग्राहक, त्याच्या वर ऊन पाण्याची टाकी आणि तिच्याही वर थंड पाण्याची टाकी. नळ्यांना सर्वत्र चढ असावा. मध्येच उंचवटा राहिला तर तेथे हवा अडकून चक्र थांबते. हवा-वाफ बाहेर जाण्याची उभी नळी थंड पाण्याच्या टाकीहून उंच नेलेली असावी आणि तिच्यावर तोटी किंवा बूच कधीही लावू नये. नवा सौर बंब पाणी देत नाही अशी तक्रार असेल तर बहुधा दोष यंत्रात नसतो, या मांडणीत असतो.

दिशा दक्षिणेची. आपले राज्य साधारणपणे १६ ते २२ अक्षांशांच्या दरम्यान आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. पुण्यात २२ डिसेंबरच्या माध्यान्हीही तो क्षितिजापासून ४८ अंशांपेक्षा वर येत नाही. म्हणून संग्राहकाचा कल स्थानिक अक्षांशाहून दहा-पंधरा अंशांनी अधिक ठेवावा. उन्हाळ्यात थोडे ऊन वाया जाईल, पण तेव्हा ऊन पाणी हवे आहे कोणाला? सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत संग्राहकावर सावली पडता कामा नये. जागा पक्की करताना हिवाळ्यातील लांब सावल्यांचा विचार करावा. मे महिन्यात जागा निवडली आणि डिसेंबरात दक्षिणेकडच्या आंब्याची सावली बंबावर आली, असे होऊ नये. पाण्यासह शंभर लिटरच्या संचाचे वजन दीडशे किलोंच्या घरात जाते. कौलारू किंवा पत्र्याच्या घरावर हा भार टाकू नये. अंगणात स्वतंत्र चौथरा किंवा लोखंडी सांगाडा करावा. न्हाणीपासून तो फार दूरही नसावा. वीस मिलिमीटर व्यासाच्या दहा मीटर नळीत तीन लिटरांहून अधिक पाणी मावते. प्रत्येक वेळी तोटी सोडली की तेवढे गार पाणी आधी येणार. पाण्याची टंचाई असलेल्या तालुक्यात हे पाणी बादलीत धरून ठेवण्याची सवय हवी.

आता प्रकारांविषयी. एक सपाट पेटीचा, ज्यात काचेखाली तांब्याच्या पत्र्यावर तांब्याच्या नळ्या असतात, त्यासाठी आय. एस. १२९३३ हे भारतीय मानक आहे. दुसरा काचेच्या निर्वात नळ्यांचा. दुहेरी काचेच्या मधली हवा काढून घेतलेली असल्याने त्यात उष्णता कोंडून राहते. तो तुलनेने स्वस्त आहे आणि ढगाळ, थंड हवेत चांगले काम देतो. मात्र एक नळी फुटली तर टाकी रिकामी होते. ज्या गावांत माकडांचा उपद्रव आहे किंवा गारपीट वारंवार होते तेथे हा विचार करावाच लागतो. पाणी संपून नळ्या उन्हात कोरड्या राहिल्या असतील तर भरदुपारी त्यांत थंड पाणी सोडू नये, काच तडकते. सायंकाळनंतर किंवा पहाटे भरावे.

तथापि, दोहोंतून निवड ठरविणारी खरी गोष्ट काच की तांबे ही नसून घरचे पाणी ही आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे विहिरींचे, विशेषतः विंधन विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर बाहेर पडून नळ्यांत थर धरतात. सपाट पेटीतील अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळ्या अशा पाण्याने काही वर्षांत बुजतात. निर्वात नळ्या रुंद असल्याने बुजत नाहीत, पण त्यांच्याही तळाशी गाळ साचतो व तो काढावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. काठिण्य २०० च्या आत असेल तर तांब्याचा सपाट संग्राहक दीर्घकाळ टिकतो व तोच घ्यावा. त्याहून बरेच अधिक असेल तर निर्वात नळ्यांचा घ्यावा किंवा ज्यात तापणारे पाणी आणि वापराचे पाणी वेगवेगळे राहते असा, उष्णता-विनिमयाची सोय असलेला संच घ्यावा. तो महाग पडतो. पावसाचे छपरावरचे पाणी साठविण्याची सोय असेल तर बंबासाठी त्याहून चांगले पाणी नाही.

काठिण्य कसे कळावे? साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही, ही घरगुती खूण झाली. जल जीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासण्याचे संच देण्यात आले असून काठिण्याची चाचणी त्यात करता येते. गावातील प्रशिक्षित महिला ती करतात. बंब घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबास आपल्या विहिरीचे काठिण्य अगोदर सांगण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीने केली तर विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबण्याची पाळी येणार नाही. शाळेतील विज्ञान शिक्षकही ही चाचणी मुलांकडून करवून घेऊ शकतील.

ढगाळ दिवसांची सोय

सौर बंबाचा कच्चा दुवा पावसाळ्यात उघड होतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. देशावरही सलग चार-पाच दिवस सूर्यदर्शन होत नाही. विक्रेते यावर टाकीत विजेचे हीटर बसवून देतात. ते सोयीचे असले तरी त्याची सवय जडते. पहाटे बटण दाबले की पाणी ऊनच असते, मग ते उन्हाने तापले की विजेने हे कोणी पाहत नाही आणि वीजबिल पाहून सौर बंब निरुपयोगी ठरविला जातो. टाकीतील हीटर घ्यावयाचा असल्यास त्याचे बटण स्वयंचलित नसावे व ते घरातील कर्त्या बाईच्या हाती असावे.

स्वावलंबी कुटुंबासाठी याहून चांगली जोडी घरातच आहे, ती म्हणजे परसातला जुना तांब्याचा बंब. सौर बंब आला म्हणून तो भंगारात घालू नये. ढगाळ दिवशीही सौर टाकीतील पाणी बहुधा ३० अंशांपर्यंत तापलेले असते. ते बंबात ओतले की २२ ऐवजी १२ अंशांचेच काम उरते, म्हणजे २,६४० ऐवजी १,४४० किलोकॅलरी. तीन किलोऐवजी दीड-पावणेदोन किलो तुराट्या पुरतात, आणि तेही वर्षातील काही दिवसच. पावसाळ्यापूर्वी तेवढे जळण पडवीत कोरडे ठेवणे कोणत्याही शेतकऱ्यास शक्य आहे.

आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांना हीच जोडी मोठ्या प्रमाणावर लागू पडते. तेथे सारी मुले एकाच घटकेला आंघोळीस उभी राहतात, म्हणून टाकी रोजच्या एकूण गरजेएवढी मोठी घ्यावी आणि तिच्यावरील आवरण उत्तम असावे. पाणी तापते आदल्या दिवशी दुपारी आणि लागते दुसऱ्या दिवशी पहाटे. मधल्या रात्रीत उष्णता टिकविणे हे आवरणाचे काम आहे. खरेदीच्या वेळी संग्राहकाच्या चकचकीत काचेकडे सर्वांचे लक्ष जाते, आवरणाची जाडी क्वचितच कोणी विचारतो. जोडनळ्या उघड्या ठेवणे हाही असाच दोष. त्यांवर फोमचे वेष्टण हवे आणि उन्हाने ते फाटू नये म्हणून त्यावर पत्र्याचे किंवा रंगाचे संरक्षण हवे.

देखभालीचे काम थोडेच असते, पण ते वेळेवर व्हावे लागते. संग्राहकावरील धूळ आठवड्यातून एकदा, सकाळी काच थंड असताना पुसावी. नांगरटीच्या आणि मळणीच्या दिवसांत अधिक वेळा. टाकीच्या तळाची तोटी सोडून गाळ काढावा. क्षारांचा थर विरळ आम्लाने धुवावयाचा असल्यास ते काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. ही सर्व तपासणी पाऊस ओसरला की अश्विनात उरकून घेणे उत्तम. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीस घरातल्या सर्वांना, आल्यागेल्या पाहुण्यांसह, एकाच पहाटे ऊन पाणी लागते.